जुईच्या वाटणीचं लोणी

पाचवीत असताना तीन महिने मी स्टोअररूममध्ये बसून जेवले. यिशुनमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक बिनखिडकीची अरुंद खोली होती. तिच्यात इस्त्रीचं टेबल, बाबांच्या दोन मोठ्या सुटकेस, तांदळाची पिशवी, जुनी वर्तमानपत्रं आणि वर एक पिवळा बल्ब. आई ताट वाढायची, मी ते घेऊन आत जायचे, दार लोटायचे आणि पालथ्या बादलीवर बसून ताट मांडीवर घ्यायचे. मला कुणी कोंडलेलं नव्हतं. ‘‘जुईचं होईपर्यंत आत बस गं राजा, तिला भात दिसला की ती रडते,’’ इतकंच आई म्हणाली होती, आणि तेही पहिल्या दिवशी. पुढे सांगावं लागलं नाही. बाहेर टेबलाशी आई आणि जुई समोरासमोर बसायच्या. आत मी आणि माझा वरणभात. दाराच्या फटीतून वजनकाट्याचा ‘पीं’ असा बारीक आवाज यायचा, मग आईचा आवाज यायचा, ‘‘अजून एक घास. शाब्बास. आता हे बोटाने चाटून टाक.’’ माझ्या ताटात काय उरलं आणि काय नाही, हे त्या तीन महिन्यांत कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

जुई माझी धाकटी बहीण. तेव्हा साडेपाच वर्षांची. तिला तीन वर्षांची असल्यापासून फिट यायच्या. कधी मोठी आकडी यायची. मान एका बाजूला वळायची, डोळे वर जायचे, हातपाय झटके द्यायचे. कधी ती नुसती बोलता बोलता थबकायची, जणू कुणीतरी आतून दिवा मालवला, आणि परत यायची तेव्हा आपण काय बोलत होतो ते तिच्या गावी नसायचं. औषधं एकामागून एक बदलून झाली. एका औषधाने तिला भूक लागेना, एकाने ती दिवसभर झोपायला लागली, एकाने ती इतकी चिडकी झाली की तिने माझ्या दंडाला चावून रक्त काढलं. फिट मात्र थांबल्या नाहीत. बाबा जहाजावर सेकंड इंजिनिअर होते, पाच-सहा महिने समुद्रावर, मग दोन महिने घरी. कुठल्या तरी बंदरातून त्यांचा फोन यायचा. आई तो कानाला लावून खिडकीशी उभी राहायची आणि त्यांना सगळं बरं असल्यासारखं सांगायची. ती आधी एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. छान साड्या नेसायची, एमआरटी ट्रेनने शहरात जायची, संध्याकाळी येताना माझ्यासाठी कधी पेरू, कधी गरम वाफाळलेला बन आणायची. जुईच्या दुखण्यात तिने ती नोकरी सोडली. लोक म्हणायचे, केवढा त्याग! मला वाटायचं, माझे पेरू गेले.

मग हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी कीटोजेनिक डाएट सुचवलं. आज हे नाव वजन उतरवू पाहणाऱ्या कुणाच्याही तोंडी असतं. ऑफिसात कुणी माझ्यासमोर ‘मी कीटोवर आहे’ म्हणत बर्गरचा पाव बाजूला काढून ठेवला की मी अजूनही खाली माझ्या ताटाकडे बघते. तेव्हा ते आमच्यासाठी डाएट नव्हतं, औषध होतं, आणि औषधासारखंच मोजून द्यायचं होतं. रोहाना नावाच्या मलाय डाएटिशियनने आईला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. शरीराला साखर जवळजवळ मिळालीच नाही, तर ते चरबी जाळायला लागतं. त्या जळण्यातून जे कीटोन तयार होतात, त्यांनी काही मुलांचा मेंदू शांत राहतो. कसा, ते अजून पुरतं कळलेलं नाही. सगळ्याच मुलांचा राहतो असंही नाही. तीन महिने करून बघू, रोहाना म्हणाली, गुण आला तर पुढे चालू ठेवू, नाहीतर बंद.

हॉस्पिटलात चार-पाच दिवस ठेवून त्यांनी जुईला त्या आहारावर आणलं. ती घरी आली तेव्हा आईच्या हातात एक वही, एक वजनकाटा आणि लघवी तपासायच्या पट्ट्यांची डबी होती. त्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर बदललं. जुईच्या दुपारच्या जेवणात साठ ग्रॅम घट्ट क्रीम, चौदा ग्रॅम लोणी, चाळीस ग्रॅम अंडं, बारा ग्रॅम काकडी. बारा म्हणजे बारा. साडेबारा झाले तर आई सुरीच्या टोकाने काकडीचा पापुद्रा काढायची. वाटीला लागलेलं लोणी रबरी उलथण्याने निपटून काढून भरवायचं, कारण वाटीला राहिलेलं लोणी म्हणजे हिशेबात खोट. गोड औषध चालत नव्हतं, गोड टूथपेस्ट चालत नव्हती. पहिले पंधरा दिवस जुई उलट्या करत होती आणि ‘भात दे, भात दे’ म्हणून आईच्या साडीला लोंबकळत होती. आई तिला थोपटत स्वतःही रडायची. मग आईने युक्त्या काढल्या. अंड्याच्या पांढऱ्याची पातळ पोळी करून तिला ‘घावन’ म्हणायला शिकवलं. कोबी खोबरेल तेलात परतून वर कोथिंबिरीचं एक पान, त्याचंही वजन करून. क्रीम गोठवून त्याचं आइस्क्रीम. त्या आइस्क्रीमला साखरेचा कण नव्हता हे मला माहीत होतं. मी एकदा बोट लावून चाखलंही होतं, आणि ते खडूसारखं लागलं होतं. तरीही आई ते जुईसाठी फुलाच्या आकाराच्या साच्यात लावताना मी बघायचे आणि माझ्या जिभेवर कडू यायचं. माझ्यासाठी कुणी कधी फुलाचा साचा शोधत टेक्काच्या बाजारापर्यंत गेलं नव्हतं.

आणि गुण आला. हे मी लिहिलंच पाहिजे, कारण तेव्हा मला ते बघायचं नव्हतं. चौथ्या आठवड्यात जुईचं थबकणं कमी झालं. सहाव्या आठवड्यात मोठी फिट थांबली. तोवर धुक्यात असल्यासारखी वावरणारी ही पोर एकदम बोलायला लागली. जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागली, लिफ्टमधल्या अनोळखी माणसांना ‘तुमची बॅग जड आहे का’ विचारायला लागली, टीव्हीवरच्या जाहिराती मँडरिनमध्ये म्हणून दाखवायला लागली. लोक तिच्यावर फिदा. आई रोज सकाळी बाथरूममध्ये ती पट्टी उजेडात धरायची, गडद जांभळी, म्हणजे डाएट लागू पडतंय, अशी आलेली बघायची आणि तिचा चेहरा असा उजळायचा की मी तो बघायला मुद्दाम दाराशी उभी राहायचे. माझ्या रिपोर्ट बुककडे बघून तिचा चेहरा असा कधी उजळलेला नव्हता. एखाद्या माणसाचा मत्सर करणं समजू शकतं. मी बहिणीच्या लघवीच्या रंगाचा मत्सर करत होते.

शेजारच्या दारात लिम आंटी राहायच्या. नवरा गेलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. आईला जुईला घेऊन हॉस्पिटलात धावावं लागलं की मी त्यांच्याकडे. त्या मला नूडल्स करून द्यायच्या आणि माझी गणितं तपासायच्या. डाएट सुरू झालं तेव्हा आईने त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी जुईच्या हातावर कधी चॉकलेटसुद्धा ठेवलं नाही. इतकंच काय, चिनी नववर्षाआधी त्या अननसाचा जॅम भरलेले टार्ट भाजायच्या, तेही त्या वर्षी दारं-खिडक्या लावून घेऊन. उकाड्यात घामाघूम होऊन त्या भाजत बसल्या, जुईला वास जाऊ नये म्हणून. मग एक लाल झाकणाचा डबा घेऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, ‘‘बिग गर्ल वन. स्मॉल वन कॅनॉट, आय नो.’’ आईने तो माझ्यासाठीचा डबा स्टोअररूममध्ये सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेचे स्पोर्ट्स होते. मी रिलेत शेवटची धावणार होते. आई येणार होती. दोनदा म्हणाली होती येते म्हणून, आणि सकाळी माझी वेणी घालताना तिसऱ्यांदा म्हणाली. मी बॅटन घेऊन धावले तेव्हा माझं लक्ष समोरच्या रेषेवर नव्हतं, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर होतं. तरी आम्ही दुसऱ्या आलो. घरी आले तेव्हा आई टेबलाशी होती आणि जुईच्या पुढ्यात अर्धं क्रीम शिल्लक होतं. ‘‘आई, आम्ही...’’ एवढंच मी म्हणाले. आईने तोंडावर बोट ठेवलं. ‘‘श्शू. आत्ता कुठे खातेय. हसली-बिसली तर उलटी होईल. तुझं ताट झाकून ठेवलंय बघ.’’ ती का आली नाही हे मला तेव्हाच कळलं. जुईने खायला दीड तास लावला होता, आणि ते सगळं पोटात जाईपर्यंत आई उठू शकत नव्हती. कळलं म्हणून राग कमी होतो, हे मोठ्या माणसांनी एकमेकांना सांगायचं असतं.

मी स्टोअररूममध्ये गेले. ताटाकडे बघितलं नाही. सुटकेसवर चढून लाल झाकणाचा डबा काढला आणि एकामागून एक तीन टार्ट खाल्ले. चौथा हातात होता तेव्हा दार किलकिलं झालं. एव्हाना क्रीम संपलं होतं आणि आई अंघोळीला गेली होती. जुई दारात उभी होती, ओठावर क्रीमची मिशी.

‘‘ताई, तू आत रोज काय खातेस?’’

‘‘भात.’’

‘‘हा भात नाही,’’ ती म्हणाली.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला तिची दया आली. साफ खोटं. मला माहीत होतं मी काय करतेय. साखर पोटात गेली तर पट्टी फिकी होते हे आईने मला स्वतः शिकवलं होतं, चुकून काही देऊ नये म्हणून. पट्टी फिकी व्हावी, काटा कपाटात जावा, वही बंद व्हावी, टेबलावर पुन्हा एक पातेलं भात यावा आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्याभोवती बसावं, एवढंच मला हवं होतं. त्यात जुईला फिट येणार हा भाग मी मनात पुढे ढकलून ठेवला होता, जसा गृहपाठ ढकलतात. मी तिला टार्ट दिला. तिने आधी तो हुंगला. मग एवढे एवढे घास घेत, डोळे मिटून, शेवटी एकेक बोट चोखत तिने तो संपवला. ‘‘आईला सांगायचं नाही,’’ मी म्हणाले. तिने मान डोलावली आणि मला मिठी मारली. माझ्या शाळेच्या टी-शर्टला क्रीम लागलं.

पाच दिवस हे चाललं. आई अंघोळीला गेली की जुई दाराशी हजर. तिसऱ्या दिवशी सकाळी आई पट्टी हातात धरून बराच वेळ उभी राहिली. ‘‘जुन्या झाल्या वाटतं,’’ ती म्हणाली आणि नवीन डबी फोडली. नवीन पट्टीही फिकी गुलाबी आली. आईने वही काढून मागच्या चार दिवसांची सगळी वजनं पुन्हा तपासली. काट्यावर नाणं ठेवून बघितलं. ‘‘जुई, तू बालवर्गात कुणाच्या डब्यातलं खाल्लंस?’’ ‘‘नाही.’’ ‘‘खरं सांग.’’ ‘‘नाही खाल्लं बालवर्गात,’’ जुई म्हणाली. ती खोटं बोलली नाही, हे फक्त मला कळलं.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही तिघी खाली निघालो होतो. तेव्हा लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. आम्ही दोन जिने उतरून लिफ्टशी आलो. जुई पायऱ्या मोजत होती. लिफ्टचं दार लागलं आणि तिचं मोजणं मध्येच तुटलं. मी तिच्या शेजारी होते. मान वळली, डोळे वर गेले आणि ती सरळ लिफ्टच्या स्टीलच्या भिंतीवर आदळली. आईने पिशवी टाकून तिला कुशीवर केलं. ‘‘अनघा, वेळ बघ, घड्याळ बघ!’’ फिट किती वेळ चालते ते मोजायचं काम नेहमी माझं असायचं. मी घड्याळ बघत होते, पण मला आकडे दिसत नव्हते. जुईचा ओठ फाटला होता. लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, बाहेर ऑफिसला निघालेली माणसं उभी होती, दार परत लागलं आणि लिफ्ट आम्हाला घेऊन वर निघाली. दुपारी हॉस्पिटलात तिला आणखी एक फिट आली.

तीन महिन्यांची तपासणी पुढच्याच आठवड्यात होती. त्याआधी एक गोष्ट घडली, जी मला फिटइतकीच स्पष्ट आठवते. आईने लिम आंटींचं दार वाजवलं. मी तिच्या मागेच होते. आई इंग्रजीत, फार सभ्यपणे बोलली आणि म्हणूनच ते जास्त वाईट वाटलं. तुम्ही प्रेमापोटी दिलं असेल, मी रागावणार नाही, मला फक्त खरं सांगा. आंटींचा चेहरा आधी गोंधळलेला होता, मग तो बंद झाला. ‘‘आय नेव्हर गिव्ह, आह,’’ त्या म्हणाल्या. ‘‘थ्री मंथ, नॉट वन टाइम.’’ आई म्हणाली, ओके, थँक यू, आणि वळली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि आंटींना ते दिसलं. त्यांची नजर आईच्या खांद्यावरून माझ्यावर आली. मी माझ्या चपलांकडे बघितलं. त्यांनी दार हळूच, आवाज न करता लावलं. त्या दिवसापासून ते दार आम्हाला बंद झालं.

म्हणून तपासणीच्या दिवशी मला ठेवायला कुणी नव्हतं आणि आई मलाही हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरबाईंच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. जुई आईच्या मांडीवर, रोहाना बाजूला, मी भिंतीला टेकून. डॉक्टरांनी फाइल चाळली. सुरुवात चांगली झाली होती, त्या म्हणाल्या, पण कीटोन टिकत नाहीयेत आणि फिट परत आल्यात. कधी कधी असं होतं. सगळ्या मुलांना हे मानवत नाही. हळूहळू बंद करू आणि एक नवीन औषध सुरू करू.

मला हवं होतं तेच त्या बोलत होत्या. भात परत येणार होता. मी आनंदाची वाट बघत उभी राहिले.

आईने वही उघडली. ‘‘डॉक्टर, चूक माझी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मी कुठेतरी वजनात चुकले असणार. डाएट चुकलेलं नाही. मला अजून एक महिना द्या. मी सगळं दोनदा मोजीन. प्लीज.’’ डॉक्टर समजुतीने काहीतरी म्हणाल्या. आई परत म्हणाली, ‘‘प्लीज.’’ माझी आई घासाघीस न करणारी बाई होती. भाजीवाल्याकडेसुद्धा तिने कधी वर कोथिंबीर मागितली नाही. तीच बाई जुईला घट्ट धरून प्लीज, प्लीज म्हणत होती. ती माझ्यासाठी असं कुणापुढे पदर पसरेल का, हा प्रश्न मला त्या क्षणीसुद्धा पडला, हे मी लपवणार नाही. पण मला ते पुढे बघवेना.

‘‘मी दिलं,’’ मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. मी इंग्रजीत म्हणाले, मोठ्याने. मी तिला टार्ट दिले. रोज.

जुई आईच्या मांडीवरून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘ताई, मी नाही हं सांगितलं.’’

आईचा हात उठेल असं मला वाटलं होतं. मी डोळे मिटून घेतले होते. पण आई म्हणाली, ‘‘किती?’’

‘‘काय?’’

‘‘किती दिलेस? नीट आठव.’’

‘‘नऊ. पहिल्या दिवशी एक, मग रोज दोन.’’ रोहानाने पेन उचललं होतं. केवढा होता, तिने विचारलं, आत जॅम किती होता? मी बोटांनी माप दाखवलं. तिने भराभर काहीतरी लिहिलं, डॉक्टरांकडे बघून मान हलवली. आणि आई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. ‘‘म्हणजे डाएट चालतंय! डॉक्टर, डाएट चालतंय!’’ तिने जुईच्या डोक्याचे, गालांचे, फाटलेल्या ओठाजवळचे मुके घेतले. डॉक्टरही हसल्या. मला म्हणाल्या, तू सांगितलंस ते फार बरं केलंस. मग सगळे पुन्हा जुईच्या फाइलवर वाकले. मी भिंतीशी होते तिथेच होते. आयुष्यातला सगळ्यात मोठा गुन्हा मी कबूल केला होता, आणि तोही जुईची आनंदाची बातमी होऊन गेला.

डाएट चालू राहिलं, दोन वर्षं. पट्टी आठवड्याभरात परत जांभळी झाली. पुढे ते हळूहळू कमी केलं, मग बंद केलं. जुईला त्यानंतर चौदाव्या वर्षी एकदा आणि कॉलेजात एकदा अशी फिट आली, औषधाच्या छोट्या डोसवर भागलं. सगळ्यांच्या नशिबी हे नसतं, हे त्या वेटिंग रूममध्ये बसलेल्या इतर आयांकडे बघून मला नंतर कळलं. आज जुई टॅम्पिनीसला राहते, तिला दोन मुलं आहेत आणि ती भात हाणून खाते. बाबा गेल्यावर आईने कुणाकडे राहायचं हा प्रश्न आला, तेव्हा आई क्षणभरही न थांबता म्हणाली, ‘‘जुईकडे.’’ माझा फ्लॅट मोठा आहे. माझे केस कानाजवळ पांढरे झालेत, आणि तरीही तो एक शब्द ऐकून माझ्या जिभेवर ते जुनं कडू आलं होतं. ते जात नाही. मी त्याला घरच्या मांजरासारखं ओळखते, इतकंच.

त्या तपासणीच्या दिवशी हॉस्पिटलातून आल्या आल्या आईने पर्सही न ठेवता लिम आंटींचं दार वाजवलं आणि कॉरिडॉरमध्ये त्यांची हात जोडून माफी मागितली. मग मला पुढे केलं. आंटींनी आईला आत घेतलं नाही, पण मला घेतलं. माझी हनुवटी धरून म्हणाल्या, ‘‘यू अँग्री, यू कम हिअर अँड क्राय लाह. व्हाय गिव्ह द स्मॉल वन?’’ आईशी त्या पुन्हा मोकळेपणाने बोलायला बरेच दिवस गेले.

मला मात्र आई काही बोलली नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. वेणी घातली, डबा भरला, जेवायला वाढलं. मी शिक्षेची वाट बघत होते. तिला मला ओरडायलाही वेळ नाही, असं वाटून मला नव्याने राग येत होता. चौथ्या दिवशी शाळेतून आले तर दारातच आई उभी. तिने जुईला शेजारी सोडलं होतं, मोजलेला खाऊ आणि वही देऊन. आंटींनी तिला घेतलं होतं, याचंच मला आधी आश्चर्य वाटलं. ‘‘चल खाली,’’ आई म्हणाली.

आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं आणि स्टुलं होती. म्हातारी माणसं तिथे पट खेळत बसायची. त्या दुपारी कुणी नव्हतं. आईने मला एका स्टुलावर बसवलं, माझ्यासमोर बसली आणि सुरू झाली.

‘‘गाढवे! अक्कल कुठे ठेवली होतीस? लिफ्टच्या जागी जिन्यात पडली असती तर? डोकं फुटलं असतं तर? कुठे तोंड दाखवलं असतंस तू? आणि त्या बाईवर आळ आला तेव्हा माझ्या पाठीमागे उभी होतीस ना तू? उभी होतीस! माझ्या तोंडून त्या भल्या बाईला नाही ते बोलवलंस!’’ तिला धाप लागली. ‘‘शर्यतीला आले नाही म्हणून? म्हणून केलंस?’’

मी दगडी टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले.

‘‘बोल! तोंड आहे ना?’’

‘‘तू तीनदा म्हणाली होतीस येते म्हणून,’’ मी म्हणाले.

आई टेबलावर हात आपटून म्हणाली, ‘‘मग मला मारायचंस! माझ्यावर ओरडायचंस, मला चावायचंस, माझं जेवण फेकून द्यायचंस! माझ्याशी भांडण होतं ना तुझं? मग माझ्याशी भांडायचं. तिला कशाला मध्ये घेतलंस? तिला कशाला?’’

ती रडत होती, मी रडत होते. ती बोलत राहिली. मी दुसरीत केलेल्या कुठल्या तरी उद्योगापर्यंत मागे गेली, माझ्या हट्टी स्वभावावर आली, बाबांवर गेलेय म्हणाली, परत टार्टवर आली. तिचं नाक लाल झालं होतं आणि केसांची एक बट कपाळाला चिकटली होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. इतक्या जवळून, इतका वेळ मी तिला कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं. वर आमच्या मजल्यावरून जुईच्या हसण्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा आला. आई थांबली नाही. तिने वर बघितलं नाही. ती माझ्यावर ओरडत राहिली, आणि मी मनात म्हणत होते, अजून बोल, आई, इतक्यात नको थांबूस.